पोंग्यातली गाठ

१

सकाळचा चहा आनाएली मुनिसी कधी बसून प्यायली नाही. एका हातात कप, दुसऱ्या हातात भिंग, खिशात फांद्या छाटायची सिकेटर, अशी ती घरामागच्या कुंपणाच्या कडेने खाली पाटापर्यंत जायची आणि वर यायची. उभी हयात तिने कॉफी संशोधन केंद्रात पानांवरचा तांबेरा आणि करपा तपासण्यात घालवली होती. निवृत्त होऊन ती माचामेला, डोंगरउतारावरच्या आईच्या घरी परतली तेव्हा तिच्या साहेबांनी म्हणे हुश्श केलं. ती दिसेल ते लिहायची आणि लिहिलेलं खोडायला सांगितलं की भांडायची.

"झाली का पेशंटची फेरी?" ओट्यावरून आईने विचारलं. आईची नजर अंधुक झाली होती, जीभ नव्हती झाली.

"झाली."

"मेलं का कोणी?"

"अजून नाही."

"मग केळी सोल. पोटात जातं त्याच्याकडेही बघावं माणसाने."

पण आनाएली कुंपणापाशीच रेंगाळली. कुंपण इसालेचं होतं. लांब, हिरव्या, तलवारीसारख्या पानांचं हे झुडूप या डोंगरावर चग्गा जमातीच्या प्रत्येक घराभोवती असतं. शेताची हद्द त्याची, थडग्याची खूण त्याची आणि माफीही त्याचीच. कुणाचा अपराध केला असेल, तर इसालेचं एक पान तोडायचं, त्याला गाठ मारायची आणि दोन्ही तळव्यांवर ठेवून त्याच्या दारात जायचं. तोंडाने बोलायची गरज नसते. आणि पान पुढे आलं की ते घ्यावं लागतं, मग वैर रक्ताचं का असेना.

पावसाळ्यानंतर या कुंपणावर पिवळ्या कड्यांचे ठिपके दिसू लागले होते. त्यात नवल नव्हतं. ओल जास्त, वारा कमी, बुरशी येणारच. नवल वेगळंच होतं. अ‍ॅव्होकॅडोच्या झाडाखालच्या एका झुडपावर, गुडघ्याच्या उंचीवर, एका पानाला गाठ होती.

पान तोडलेलं नव्हतं. ते खोडावरच होतं, हिरवंगार, आणि त्याला गाठ होती.

२

कुंपणापलीकडे स्वाईंचं घर. मुनिसी आणि स्वाई यांच्यात बोलणं नव्हतं, आणि त्याला कारण होतं आमिनिएल, आनाएलीचा धाकटा भाऊ.

एका कोरड्या वर्षी पाटाचं पाणी आटलं. पाटाचं तोंड वर जंगलात, दरीच्या काठाशी आहे. तिथला गाळ काढायला प्रत्येक कुळाने एक माणूस द्यायचा. मुनिसींकडून आमिनिएल गेला, स्वाईंकडून एलियाकिम. संध्याकाळी एलियाकिम एकटाच, लंगडत परत आला. "तो पुढे गेला, मी मागे फिरलो," एवढंच त्याने सांगितलं. त्यानंतर जन्मभरात एक शब्द वाढवला नाही. पोलीस जीप जाईल तिथपर्यंत चढले, झाडांकडे बघितलं आणि उतरले. पाटाच्या पंचांनी पाणी आलं ना, मग झालं, असा चेहरा केला. प्रेत मिळालं नाही. केळीच्या बागेत आमिनिएलचं थडगंही नाही.

आई तेव्हा चर्चच्या अंगणात सगळ्यांसमोर म्हणाली होती, "ज्याला ठाऊक आहे, त्याने पान घेऊन माझ्या दारात यावं. आणि तो आला तरी मी ते घेणार नाही." पान नाकारण्याची भाषा त्या डोंगरावर कोणी ऐकली नव्हती. म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले.

एलियाकिम स्वाई आलाच नाही. या पावसाळ्यात तो वारला आणि त्याला कुंपणापलीकडे, त्याच्याच केळींत पुरलं. आणि आता ही गाठ.

आनाएलीने सरळ हिशेब मांडला. मेलेली माणसं गाठी मारत नाहीत. जिवंत आहे ती त्याची बायको, सिफाएली. नवऱ्याचं ओझं तिला सहन होत नसणार, आणि समोर यायची हिंमत नसणार. म्हणून बाई कुंपणातून हात घालून गाठी मारते. बरं आहे, आनाएली मनात म्हणाली. चोरून माफी मागायची, म्हणजे गुन्हा कबूल करायला नको. असे लोक तिने केंद्रात पुष्कळ पाहिले होते.

आईला तिने सांगितलं नाही. पण पडताळा म्हणून शेजारच्या झुडपावर एक पान तिने स्वतः, अगदी हलक्या हाताने, गाठवलं. मधली शीर चर्र करून मोडली. दुपारपर्यंत पान गाठीपासून टोकापर्यंत लोंबलं, संध्याकाळी तपकिरी पडलं.

ते आधीचं पान मात्र ताठ होतं. भिंगातून तिने गाठीचा वळसा न् वळसा पाहिला. कुठे चीर नव्हती, सुरकुती नव्हती, बोटाचा डाग नव्हता. शिरा गाठीतून अशा वळल्या होत्या, जसा पाट खडकाला वळसा घालतो.

तिला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. किती तरी वर्षांनी तिला न समजणारं पान सापडलं होतं.

३

आठवडाभरात गाठी वाढल्या. पण आनाएलीच्या आधी ते बदल दुसऱ्या कोणी तरी टिपले होते.

पहिल्यांदा पिंबी गप्प झाला. पिंबी झाडावर राहतो, सशाएवढा, केसाळ, दिसायला गरीब. पण अंधार पडायला लागला की तो गंजलेल्या बिजागरीसारखा करकरायला लागतो आणि शेवटी गळा दाबल्यासारखा किंचाळतो. पाहुण्यांची त्याने झोप उडते, घरच्यांना त्याच्याशिवाय झोप लागत नाही.

"तुझा तो कोकलणारा कुठे गेला?" आईने विचारलं.

"गेला असेल दुसरीकडे. मादी मिळाली असेल."

"मादी मिळाल्यावर कोणी गप्प बसतं होय? तुझे वडील बसले नाहीत."

मग धनेश. त्यांची जोडी रोज अ‍ॅव्होकॅडोवर यायची, पंखांचा भाता चालल्यासारखा आवाज करत. आता ती लांबून यायची, अंगणाच्या हद्दीपाशी हवेतच वळायची आणि रस्त्यापलीकडे जाऊन बसायची.

आणि सरडे. रंग बदलणारे, तीन शिंगांचे, हातमोजे घातल्यासारख्या पायांचे. एरवी वर्षाकाठी एखादा दिसायचा, आणि दिसला की आई त्या बाजूला थुंकायची. त्या सकाळी कुंपणावर ते ओळीने बसले होते. आनाएली मोजायच्या भानगडीत पडली नाही. ती त्यांचे डोळे बघत राहिली. या सरड्याचा एक डोळा वर बघतो तर दुसरा खाली. दोन्ही डोळे एका जागी तो फक्त किडा टिपताना आणतो. इथे प्रत्येकाचे दोन्ही डोळे एका जागी होते, आणि सगळ्यांची जागा एकच होती. अंगणात, कुंपणापासून हातभर अलीकडे. तिथे किडा नव्हता. माती होती.

दुपारी त्या मातीवरून सियाफू गेल्या.

सियाफू म्हणजे फौजेच्या मुंग्या. लाखांनी निघतात, वाटेत येईल ते खातात, दगड असेल तर दगडावरून जातात, कोंबडी बांधलेली असेल तर कोंबडीतून जातात. त्यांचा तांबडा-काळा पट्टा पाटाकडून वर चढत होता. सरडे बघत होते त्या जागी पोचल्यावर तो फाटला, दोन बाजूंनी वळला आणि पुढे पुन्हा जुळला. मधे दोन मोकळ्या जागा राहिल्या. लांबट, टाचेकडे अरुंद, पुढे रुंद.

आनाएली उकिडवी बसली. तिने एक काडी त्या मोकळ्या जागेत टाकली. काडी जमिनीवर पडली. फुंकर मारली, माती उडाली. तिथे काही नव्हतं. तिने एक मुंगी चिमट्याने उचलून आत सोडली. मुंगी क्षणभर थबकली, आणि तव्यावर पडल्यासारखी पळत बाहेर आली.

मातीत मीठ असेल. कोणी औषध सांडलं असेल. ती स्वतःला एकेक कारण देत होती आणि एकेक खोडत होती, आणि खोडताना तिला मजा येत होती. एक गोष्ट मात्र कशातच बसेना. ती पावलं असतील, तर त्यांची बोटं कुंपणाकडे होती. कोणी स्वाईंकडून माफी मागायला येत असेल, तर तोंड घराकडे हवं. ह्याची आमच्याकडे पाठ होती.

४

तिने टेमूला गाठींचे फोटो पाठवले आणि फोन लावला. टेमू तिचा केंद्रातला जुना सहकारी, आळशी पण डोक्याने तल्लख. फोटो त्याने मोठे करकरून पाहिले.

"आनाएली, ह्या गाठी तू मारल्यास?"

"मला दुसरी कामं नाहीत?"

"नाहीत म्हणूनच विचारतोय. तुझी शेजारीण असेल."

"मलाही तेच वाटलं होतं. पण शीर मोडलेली नाही."

"मग एकच पडताळा आहे. पोंगा उघड. उमलायच्या आधी पान सरळ असेल, तर कोणी तरी बाहेरून गाठ मारतंय. मग माझं डोकं खाऊ नकोस, भांड जाऊन तिच्याशी."

झुडपाच्या शेंड्याशी न उमललेली पानं एकात एक गुंडाळलेली असतात, तो पोंगा. तिथे उजेड पोचत नाही, बोट तर नाहीच. आनाएलीने एक शेंडा कापला, स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली आणि ब्लेडने एकेक पदर सोलू लागली. हिरवा पदर, मग पोपटी, मग पिवळट. शेवटी आतलं पान निघालं. पांढरं, करंगळीएवढं, ओलं.

त्याला गाठ होती.

त्याच्याही आत एक होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. भिंगाखाली तिने ते सुईने मोकळं केलं. त्यालाही होती.

"काय सापडलं?" टेमूने विचारलं. फोन चालूच होता.

"बाहेरून कोणी मारत नाही," ती म्हणाली.

टेमू नेहमीसारखं काही तरी बोलेल म्हणून ती थांबली. तो म्हणाला, "आईला घेऊन काही दिवस खाली शहरात, मोशीला ये. आमच्याकडे राहा." आणि त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, म्हणून तिने फोन ठेवला.

शहाणं माणूस इथे थांबलं असतं. पण आनाएलीला थांबवणारं एक उत्तर कोणी कधी दिलंच नव्हतं. पोलिसांनी नाही, पंचांनी नाही, एलियाकिमने नाही. आई आता थकली होती, आणि भावाचं काय झालं हे कळल्याशिवाय ती गेली असती तर आनाएलीने स्वतःला माफ केलं नसतं. त्या कुंपणात काहीही असो, पलीकडच्या बाईला माहीत असणार. आता तिला विचारायचंच.

५

कुंपणातली जुनी फट आईने केव्हाच झुडपं लावून बुजवली होती. आनाएलीला रस्त्याने वळसा घालून जावं लागलं. पावसाने वाट निसरडी झाली होती. सोललेला पोंगा आणि त्यातलं ते पांढरं पान इतकं नाजूक होतं की चिमटीत धरलं असतं तर मोडलं असतं. नाजूक नमुना कसा न्यायचा हे तिच्या हातांना पाठ होतं. तिने तो दोन्ही तळव्यांवर ठेवला, कोपर अंगाशी धरले, आणि नजर त्यावरून न हलवता स्वाईंच्या अंगणात शिरली.

सिफाएली दारात शेंगा निवडत बसली होती. बारीक, वाळकी बाई, अजून काळ्या कपड्यांत.

"चिखलाचे पाय तिथेच पूस," ती मान वर न करता म्हणाली.

"मावशी, मी भांडायला आले आहे."

"दुसऱ्या कशासाठी तू जातेस कुठे?" मग तिने वर पाहिलं. तिच्या मांडीवरचं सूप घसरलं आणि शेंगा जमिनीवर पसरल्या. ती त्या वेचायला वाकली नाही. उठली, आनाएलीसमोर आली, आणि तिच्या तळव्यांवरून ते पान आपल्या दोन्ही तळव्यांवर घेतलं.

"घेतलं," सिफाएली म्हणाली.

आनाएलीला आपण काय केलं ते तेव्हा कळलं.

"मावशी, नाही. हा नमुना आहे. मी विचारायला आले. तुम्ही आमची माफी मागायची, आम्ही तुमची नाही."

"पान दोन हातांवर घेऊन माझ्या दारात आलीस. आता ते परत होत नाही. तुलाही ठाऊक आहे."

"कशाबद्दल? आमच्या घराने तुमचं काय केलं?"

सिफाएली खाली बसली. पान तिने पदरात ठेवलं, अंडं ठेवावं तसं. "माझा नवरा त्या दिवसापासून लंगडत होता. तुझी आई त्याला येता-जाता लंगडा खुनी म्हणायची. का लंगडतो, हे तुमच्यापैकी एकाने तरी विचारलं?"

सगळ्यांना सगळं विचारणाऱ्या आनाएलीने हे विचारलं नव्हतं.

"पोटरीत कुदळीचा घाव होता. मागून. हाडापर्यंत. आणि एलियाकिमची कुदळ त्या दिवशी घरीच राहिली होती, ह्या भिंतीला टेकलेली. वर कुदळ एकच गेली होती. तुमची."

"आणि आमिनिएल? मग त्याचं काय झालं?"

"मी विचारलं. पुष्कळ वेळा विचारलं. म्हणायचा, त्याची आई जिवंत आहे, तोवर नको." तिने डोळे पुसले आणि लगेच पहिल्यासारख्या कोरड्या आवाजात म्हणाली, "नवरा गेल्यापासून तुझा भाऊ रोज इथे उभा असतो. त्या तिथे, पपईखाली. आधी कुंपणाशी होता, मग विहिरीशी. दाराकडे तोंड करून. कोंबड्या तेवढ्या जागेला वळसा घालतात. मला वाटलं, हातात काही नसताना कसा येईल बिचारा. कोणी तरी आणून द्यायला हवं."

आनाएलीने पपईखाली पाहिलं. कोंबड्या मातीत चोची मारत होत्या, आणि मधे एक तुकडा होता जिथे एकही चोच पडत नव्हती.

सिफाएली तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. "जा रे बाबा आता," ती म्हणाली, दमलेल्या मुलाला म्हणावं तशी. "आमचं संपलं. तू तुझ्या घरी जा."

पपईखालच्या तुकड्यात एक कोंबडी गेली आणि तिने किडा टिपला.

६

आनाएली धावत आली तेव्हा दुपार कलली होती. घराची दारं-खिडक्या सताड उघडी होती आणि उंबऱ्यावरून सियाफू आत शिरत होत्या. सियाफू आल्या की घर त्यांच्या हवाली करायचं, बाहेर जाऊन बसायचं, झुरळं-उंदीर साफ करून त्या आपल्या निघून जातात. अशा वेळी घरचे लोक बिछान्यावरच्या आजाऱ्यालाही उचलून बाहेर आणतात. आई बाहेर नव्हती.

ती आत, वेताच्या खुर्चीत बसली होती. खुर्चीभोवती तिने चुलीतली राख ओतून घेतली होती, आणि राखेपलीकडची सगळी जमीन मुंग्यांनी हलत होती.

"आई, उठ. मी उचलते तुला."

"मला काही होत नाही. तू कुठे गेली होतीस?"

"स्वाईंकडे."

"काय घेऊन?"

म्हातारीला दिसत नव्हतं, पण तिच्यापासून लपत काही नव्हतं. आनाएलीने सांगितलं. पान, पोंगा, तळवे, पोटरीतला घाव, भिंतीशी टेकलेली कुदळ. आई ओरडेल, शाप देईल, आमची मान खाली घातलीस म्हणेल, अशी तिने तयारी ठेवली होती. आई नुसती ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर नवं काही ऐकल्याचं चिन्ह नव्हतं.

"तुला माहीत होतं," आनाएली म्हणाली.

"माहीत नव्हतं. तो माझ्या पोटचा होता, त्याचा राग मला ठाऊक होता. लहानपणी बकरीने पाय दिला म्हणून त्याने बकरीचं काय केलं, ते तू पाहिलं नाहीस. तू शाळेत होतीस." आईने हात मांडीवर घट्ट धरले. "मी शेजाऱ्याला विचारत राहिले. म्हणजे ह्याला विचारावं लागू नये."

"कोणाला?"

"आता का बावळटासारखं करतेस? तुझ्यामागोमाग आला की."

आनाएलीने जमिनीकडे पाहिलं. खोली कानाकोपऱ्यापर्यंत मुंग्यांनी भरली होती. भिंतीशी, टेबलाखाली, दाराजवळ, सगळीकडे तो तांबडा-काळा थर सरकत होता, आणि त्याचा आवाज येत होता, लांबवर पानांवर पाऊस पडावा तसा. राखेच्या कडेशी, आईच्या गुडघ्यांसमोर, त्यात दोन मोकळ्या जागा होत्या. बोटं आईकडे होती.

"बसू दे त्याला," आई म्हणाली. "तो आलाय, तेवढं पुरे. ऐक माझं, आनाएली. तू आयुष्यभर कोणाचं ऐकलं नाहीस. आज ऐक. विचारू नकोस."

ती दारात उभी होती. मागे उजेड होता, रस्ता होता. तिने फक्त गप्प राहायचं होतं. आमिनिएलने पुढे काय केलं, दरीच्या काठावर शेवटी कोण उभं राहिलं, आणि तो कुणामुळे उरला नाही, हे आता फक्त इथे, ह्या खोलीत माहीत होतं. पोलीस चढले नव्हते. पंचांनी पाणी मोजलं होतं. तिच्याशिवाय विचारणारं कोणी उरलं नव्हतं.

"आमिनिएल," ती म्हणाली, "वर काय झालं?"

आईने डोळे मिटले.

मुंग्यांचा आवाज थांबला. मग त्या थरात, अगदी सावकाश, काही मुंग्या मागे सरल्या आणि काही पुढे आल्या. डावीकडची मोकळी जागा वळली. मग उजवीकडची. आणि ती दोन पावलं, आईसमोरून, आनाएलीकडे तोंड करून उभी राहिली.